ईम गावचे मंदिर

अभ्यासासाठी शास्त्रभाग : योहान १५:१२-१३

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील ईम या खेड्यात संत लॉरेन्स यांच्या नावाचे अँग्लिकन मंदिर आहे. ते एका पिढीने बांधलेले नाही. आवारात आठव्या शतकाच्या सुमाराचा कोरीव दगडी क्रूस उभा आहे. विद्यमान भिंतींपूर्वीच या परिसरात शुभवर्तमान पोहोचले होते, याची ती खूण होय. आत नॉर्मन काळातील बाप्तिस्म्याचे कुंड आहे. वरच्या खिडक्यांमधील भिंतींवर इस्राएलाच्या बारा वंशांची चिन्हे रंगविलेली होती. त्यांपैकी काही आजही दिसतात. बाहेरच्या भिंतीवर १७७५ सालचे सूर्यघड्याळ आहे.

परंतु वाचकहो, या मंदिराचा सर्वांत मोठा अध्याय त्याच्या बंद दाराचा आहे.

१६६५ च्या सप्टेंबरात गावात प्लेग आला. लंडनहून एका शिंप्याकडे आलेल्या कापडातील पिसवांबरोबर तो आला, असे परंपरेने मानले जाते. पाळक विल्यम मोम्पेसन गावात नवखे होते. त्यांच्या आधीचे थॉमस स्टॅन्ली यांना उपासनापद्धतीविषयीच्या मतभेदामुळे पद सोडावे लागले होते. तरी १६६६ च्या जूनमध्ये दोघांनी मिळून मंडळीपुढे तीन गोष्टी ठेवल्या : कोणीही गावची सीमा ओलांडू नये, मृतांना आप्तांनी आपापल्या जागेतच पुरावे, आणि मंदिर बंद करून उपासना उघड्यावर व्हावी. कक्लेट डेल्फ नावाच्या दरीत कुटुंबे अंतर राखून उभी राहत आणि खडक हेच व्यासपीठ होई. बाहेरचे लोक सीमेवर अन्न ठेवीत; ईमचे लोक नाणी व्हिनेगरमध्ये टाकून मोबदला देत.

किंमत फार मोठी होती. सुमारे २६० माणसे दगावली. एलिझाबेथ हॅन्कॉक हिने आठ दिवसांत पती व सहा मुले स्वतःच्या हातांनी पुरली. मोम्पेसन यांनी आपली मुले आधीच बाहेर पाठविली होती. पत्नी कॅथरिन मात्र त्यांच्याबरोबर राहिली. २५ ऑगस्ट १६६६ रोजी तीही गेली. तिची कबर मंदिराच्या आवारात आहे.

आपण मंदिरांसाठी वर्गणी जमवितो, बुरूज उंचावितो. ते योग्यच आहे. परंतु शेजाऱ्याच्या जीवासाठी दार लावून घेण्याची वेळ आली, तर आपली मंडळी एकत्र राहील काय? मतभेद असलेले दोन पाळक आपल्या गावात एकत्र उभे राहतील काय? ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ईमचे लोक आजही त्या दरीत उपासनेसाठी जमतात. भिंतींवाचूनही मंडळी उभी राहते, हा धडा त्यांनी जपला आहे. आपणही तो आपल्या मंडळीत अभ्यासावा.