पुण्याच्या दगडांत आपली ओळख



धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने आम्हांला विचारले, “शाळेत मित्र म्हणतात, तुमचे चर्च इंग्रजांनी आणले. खरे आहे का?” वर्ग गप्प झाला. कोथरूडमध्ये राहणाऱ्या आपल्या मुलांच्या आजूबाजूला जुनी चर्चेस नाहीत. आपण कोण आणि इथे केव्हापासून, हे त्यांना कोणी दाखवलेले नाही. म्हणून या रविवारी हा धडा.

क्वार्टर गेटजवळ नाना पेठेत निष्कलंक मातेचे मंदिर आहे. आपण त्याला ‘सिटी चर्च’ म्हणतो. त्यासाठी जागा मिळाली १७९२ साली, आणि ती दिली सवाई माधवराव पेशव्यांनी. पेशव्यांच्या सैन्यात पोर्तुगीज व गोव्याकडील ख्रिस्ती लोक चाकरीस होते, त्यांच्या उपासनेची ती सोय होती. इंग्रजांची सत्ता पुण्यात आली १८१७-१८ मध्ये. म्हणजे त्याआधी पंचवीस वर्षे पुण्यात आपल्या मंदिराला जागा मिळाली होती, आणि ती पुण्याच्याच राज्यकर्त्याने दिली होती. सध्याची इमारत १८५२ ची आहे. मुलाच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर.

पण अर्धेच सत्य सांगून चालणार नाही. सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल १८५० मध्ये उभे राहिले, ते इंग्रजांच्या फौजेतील आयरिश कॅथलिक शिपायांसाठी. म्हणजे मित्रांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पुढे १८८६ साली पोप तेरावे लिओ यांनी पुणे धर्मप्रांताची स्थापना केली आणि येशूसंघीय बर्नार्ड बायडरलिंडेन पहिले महागुरू झाले. शिपाई गेले, छावणी बदलली, पण भाविक राहिले. १९८४ साली या कॅथेड्रलचे छप्पर कोसळले, तेही पुन्हा उभारले गेले. संत पेत्र आपल्याला जिवंत दगड म्हणतो, त्याचा अर्थ इथे कळतो.

ज्या १८८६ साली आपला धर्मप्रांत झाला, त्याच साली पुण्यात भाजीबाजाराची मोठी इमारत खुली झाली. तेव्हाचे नाव रे मार्केट, आज ती महात्मा फुले मंडई. कॅम्पातील ‘लाल देऊळ’ हे ज्यू बांधवांचे प्रार्थनास्थळ. ते डेव्हिड ससून यांनी बांधवले व १८६७ मध्ये पूर्ण झाले. ससून रुग्णालयालाही त्यांचेच नाव आहे. बगदादहून आलेल्या एका घराण्याच्या दानातून पुण्याच्या गोरगरिबांची सेवा झाली, हे आपण विसरू नये.

गुरुवार पेठेत अँग्लिकन बांधवांचे पवित्र नाम चर्च आहे, लोक त्याला ‘पंचहौद’ म्हणतात. १८९० मध्ये तेथील मिशनमध्ये चहा दिला गेला म्हणून न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळकांसारख्यांवरही बहिष्काराचे संकट आले. एका कपाची ही गोष्ट! आज नाताळात आपण शेजारच्या घरी करंज्यांचे ताट पाठवतो आणि दिवाळीत त्यांचा फराळ आपल्याकडे येतो. ही वाट सहज तयार झालेली नाही.

आपल्या कोथरूडजवळ हिंगण्याला महर्षी कर्व्यांनी १९०० साली आपला अनाथ बालिकाश्रम नेला. त्यांची साधी झोपडी तिथे जतन केलेली आहे. मोठे काम झोपडीतूनही सुरू होते. बेथलेहेमचा गोठा आठवणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

त्या मुलाला आम्ही इतकेच सांगितले, “बाळ, काही चर्चेस इंग्रजांच्या काळातली आहेत, पण पुण्यातले आपले घर त्याआधीचे आहे. मित्रांना सिटी चर्च दाखवायला घेऊन जा.”

घरी चर्चेसाठी

१. आपले कुटुंब पुण्यात केव्हा व कोठून आले? मुलांना ते ठाऊक आहे का?

२. आपल्या शेजाऱ्यांपैकी कोणाला आपण कधी चर्चमध्ये बोलावले आहे?

३. एका रविवारी मिस्सानंतर मुलांना सिटी चर्च आणि हिंगण्याची झोपडी, दोन्ही दाखवता येतील का?