गुऱ्हाळावर चला

आपल्या कडावच्या गणपतीला मोदक करतात. मोदकाला गूळ लागतो. पण आपल्या भागात पिकते भात. मग गूळ येतो कोठून? गूळ येतो घाटावरून. त्यात कोल्हापूरचा गूळ फार नावाजलेला. 2014 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ते नाव दुसरीकडच्या गुळाला लावता येत नाही.

दिवाळी झाली की तिकडे गुऱ्हाळे सुरू होतात. समजा, आपण एका गुऱ्हाळावर आलो आहोत. दुरूनच गोड वास येतो, नाही का?

चरकात ऊस घालतात. रस गाळून काहिलीत घेतात. काहील म्हणजे भलीमोठी पसरट कढई. खाली चुलवाण धडाडत असते. पोरांना जवळ जाऊ देऊ नका! चुलवाणात उसाचीच वाळलेली चिपाडे जाळतात. रस उसाचा, जाळही उसाचा.

रस तापला की मळी वर येते. भेंडीची झाडे ठेचून त्यांचा चिकट रस काहिलीत घालतात. त्याला घाण चिकटते. मग मळी झाऱ्याने काढून टाकतात. पुढे दोन-अडीच तास रस आटतो.

आता सगळे गुळव्याच्या हाती. गुळव्या म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर. तो थोडा पाक गार पाण्यात टाकतो. पाण्यात गोळी झाली की काहील उतरायची. उशीर झाला तर गूळ करपतो. शेतकऱ्याची सगळी काहील वाया! गूळ होण्याआधी दाट रस काढून घेतला, तर ती काकवी. भाकरीशी फार छान लागते. कॅनडात मेपल नावाच्या झाडाचा रस असाच आटवतात. तेथे चाळीस लिटर रसाचा जेमतेम एक लिटर पाक होतो. आपल्याकडे शंभर किलो उसाला दहा-बारा किलो गूळ पडतो.

पाक वाफ्यात ओततात, घोटतात, साच्यात भरतात. झाली ढेप.

“गूळ पिवळाधमक का नाही?” आपण विचारतो.

गुळव्या हसतो. “पाव्हणं, पिवळा हवा तर पावडर टाकावी लागतीया. तुमीच पिवळा मागता. काळ्याला भाव न्हाई.”

त्या पावडरीला हायड्रॉस म्हणतात. तिच्यात गंधक असते. तिने गूळ उजळ दिसतो, पण गंधकाचा अंश गुळात राहतो. दम्याच्या माणसाला त्याचा त्रास होऊ शकतो. शिवाय तो रंग टिकत नाही. महिन्या-दोन महिन्यांत ढेप काळवंडते.

म्हणून दुकानात पावडरीचे विचारा. गूळ चाखूनही पाहा. खारट लागला, तर ऊस बहुधा खारवट जमिनीतला असतो.