जर-तरची विधाने व वर्गातील अनुमान

शाळाभेटीच्या वेळी चौथीच्या वर्गात मी एक प्रश्न हटकून विचारतो. एखाद्या संख्येला ४ ने पूर्ण भाग जात असेल, तर ती सम असते, हे मुले चटकन मान्य करतात. मग विचारावे, "संख्या सम आहे, तर तिला ४ ने भाग जाईल काय?" बहुधा सारा वर्ग एकमुखाने होकार देतो. फळ्यावर ६ लिहिला, की सर्व गप्प!

अशा विधानास सोपाधिक विधान म्हणतात. 'जर'चा भाग तो पूर्वांग, 'तर'चा तो उत्तरांग. विधान खरे असता पूर्वांग मान्य केले की उत्तरांग मान्य करावेच लागते. उत्तरांग नाकारले, तर पूर्वांगही नाकारावे लागते. ७ सम नाही, म्हणून त्याला ४ ने भाग जाणार नाही. परंतु उत्तरांग खरे आहे एवढ्यावरून पूर्वांग सिद्ध होत नाही. भूमितीत प्रमेयाचा व्यत्यास निराळा सिद्ध करावा लागतो, तो याचसाठी.

आपल्या नैयायिकांनी हे पूर्वीच ओळखले होते. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, अग्नीवरून धुराचे नव्हे. त्यासाठी ते तापलेल्या लोहगोळ्याचा दाखला देत. धुरास ओल्या इंधनाचा संयोग लागतो. मुलांना धगधगते निखारे दाखविले तरी पुरे.

घोटाळ्याचे मूळ पुष्कळदा बोलण्यात असते. "गृहपाठ झाला तर खेळायला सोडीन," असे आपण म्हणतो आणि मुले 'तरच' ऐकतात. आपल्या मनातही तेच असते. म्हणून 'तर' व 'तरच' यांची वाक्ये शेजारी शेजारी लिहून घ्यावीत. "संख्या सम असेल तर तिला ४ ने भाग जातो" हे चूक. "सम असेल तरच जातो" हे बरोबर. एका 'च'ने एवढे अंतर पडते.

या चुकीची झळ मुलांना कशी लागते, ते मी स्वतः पाहिले आहे. नोकरीच्या आरंभी मी धरून चाललो होतो, की अभ्यास केला नाही तर उत्तर येत नाही. वर्गातील एक मुलगी फळ्यावरची उदाहरणे रोज चुकवी. तिला उत्तर येत नाही, त्याअर्थी ती अभ्यास करीत नाही, असे ठरवून मी तिला वर्गाबाहेर उभी करी. दिवाळीनंतर रांगा बदलल्या, ती पुढे आली आणि तिची उदाहरणे बरोबर येऊ लागली. मागून तिला फळा दिसतच नव्हता. तोवर एक सत्र संपले होते.