मिडलंड ग्रँड हॉटेल : एका वास्तूचे वैभव आणि विजनवास

इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. परंतु एखादी इमारतही आपल्या काळाची साक्ष देत असते. लंडनमधील मिडलंड ग्रँड हॉटेल हे याचे बोलके उदाहरण होय.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील रेल्वे खाजगी कंपन्यांच्या हाती होती व त्यांच्यात मोठी चुरस असे. दूरच्या उतारूंची मुक्कामाची सोय व्हावी आणि कंपनीचा रुबाबही दिसावा, अशा दुहेरी हेतूने स्थानकालगत हॉटेले उभी राहिली. मिडलंड कंपनीचे सेंट पँक्रास स्थानक 1868 साली सुरू झाले. विल्यम बार्लो या अभियंत्याने त्यावर सुमारे 240 फूट रुंदीचे लोखंडी छत उभारले. त्याला मध्ये एकही खांब नाही. या स्थानकाच्या दर्शनी बाजूस जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लाल विटांचे, मनोऱ्यांनी नटलेले गॉथिक शैलीचे हॉटेल रचले. ते 5 मे 1873 रोजी उघडले. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई मनोरा यांचे आराखडे याच स्कॉट यांचे. ते स्वतः मात्र मुंबईस कधीच आले नाहीत!

हॉटेलात सुमारे 300 खोल्या होत्या, पाण्याच्या दाबावर चालणारे पाळणे होते, खोल्यांतून शेकोट्या होत्या. नव्हती ती पुरेशी स्नानगृहे. अंघोळीचे पाणी नोकरांनी वाहून आणावे, हीच त्या काळाची रीत. पुढे खोलीला जोडून स्नानगृह हवे, अशी प्रवाशांची अपेक्षा झाली. परंतु आगीपासून बचावासाठी घातलेल्या भक्कम काँक्रीटच्या जमिनींतून नळ नेणे अतिशय अवघड व खर्चाचे होते. ज्या मजबुतीचा अभिमान होता, तीच अडचण ठरली. 1935 साली हॉटेल बंद पडले आणि तेथे रेल्वेच्या कचेऱ्या आल्या.

1960 नंतर ही इमारत पाडण्याचाच विचार पुढे आला. जवळच्या यूस्टन स्थानकाची भव्य कमान लोकांचा विरोध डावलून 1961-62 मध्ये पाडली गेली होती. तो धडा ताजा होता. कवी जॉन बेटजमन आणि व्हिक्टोरियन सोसायटी यांनी आवाज उठविला व 1967 साली इमारतीस सर्वोच्च श्रेणीचे संरक्षण मिळाले. तथापि, केवळ संरक्षणाने वास्तू जगत नाही. 1980 च्या दशकात अग्निसुरक्षेच्या कारणास्तव कचेऱ्याही हलल्या आणि दालने ओस पडली. 2007 मध्ये युरोपला जाणाऱ्या गाड्या सेंट पँक्रासहून सुटू लागल्या, तेव्हा कुठे तिचे भाग्य पालटले. 5 मे 2011 रोजी, म्हणजे बरोबर 138 वर्षांनी, तेथे पुन्हा हॉटेलचे औपचारिक उद्घाटन झाले.

यातून काय बोध घ्यावा? 'निरुपयोगी' हा शिक्का बहुधा त्या त्या पिढीच्या गरजांवरून मारला जातो आणि गरजा तर बदलतच असतात. पाडलेली वास्तू मात्र परत येत नाही. आपल्या गावातील जुना वाडा किंवा वेशीची कमान पाडण्याची भाषा निघेल, तेव्हा एवढे तरी ध्यानात असावे.