एकादशी, रात्रपाळी आणि मॅरेथॉन

प्रश्न : बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात रात्रपाळी करणाऱ्या आणि एकादशी पाळणाऱ्या मराठी कामगाराला मॅरेथॉनची तयारी करता येईल का? घरच्यांनी नेमके काय करावे?

उत्तर : तयारी जरूर करता येईल, मात्र उपवासापेक्षा अपुरी झोप अधिक बाधते, आणि घरच्यांचा खरा हातभार तिथेच लागतो. पाळीवरून आल्यावर खोलीत अंधार ठेवणे, कुकरच्या शिट्ट्या आणि पाहुणे दुपारनंतर ढकलणे, झोप झाल्याशिवाय लांब पल्ल्याच्या सरावाला जाऊ न देणे, ही मदत शर्यतीतल्या टाळ्यांहून मोलाची आहे.

४२.१९५ किलोमीटरच्या या धावेत ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत व यकृतात साठवलेली शर्करा, बहुधा ३० किलोमीटरच्या पुढे संपत येते आणि पाय जड होतात. उपवासाला चालणारी रताळी, वरीचा भात आणि केळी हा साठा भरून काढतात. तुपातली, दाण्याच्या कुटाची साबुदाणा खिचडी पचायला वेळ घेते, म्हणून ती धावून झाल्यावर खावी. ज्येष्ठातील निर्जला एकादशीला पाणीही वर्ज्य असल्याने त्या दिवशी धावूच नये.

श्रद्धेचे बळ आळंदी ते पंढरपूर या सुमारे २५० किलोमीटरच्या वारीत दिसते, जिथे वारकरी टाळांच्या ठेक्यावर, दिंडीच्या सोबतीने, मुक्काम करीत चालतात. धावतानाही पावलांशी नामस्मरण जुळवावे. धाप लागून नाम तुटू लागले, तर वेग शक्तीबाहेर गेला असे समजून तो लगेच कमी करावा. सरावासाठी पीण्यालगतच्या तुमकूर रस्त्याची कडा मात्र टाळावी, कारण अवजड वाहनांचा धूर धावणाऱ्याच्या छातीत अधिक खोलवर जातो.