गोल्फ : काठी मोठी की फटका?

गोल्फचा चेंडू दूर जातो तो महागड्या काठीमुळे की खेळाडूच्या हातामुळे? क्रिकेटच्या बॅटविषयी हाच वाद तुम्ही मैदानावर कितीदा तरी घातला असेल. गोल्फमध्ये चेंडू स्थिर असतो, त्यामुळे हिशेब सोपा. तेव्हा भांडण्याऐवजी आकडे मांडू.

लांब फटक्याच्या काठीचे डोके सुमारे २०० ग्रॅमचे असते. चेंडू नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा, आपण ४६ धरू. टकरीनंतर दोघे ज्या सापेक्ष वेगाने वेगळे होतात, त्याचे टकरीपूर्वीच्या सापेक्ष वेगाशी असलेले प्रमाण म्हणजे ‘उ’. डोक्याचे वस्तुमान ‘ड’ आणि चेंडूचे ‘च’ मानून संवेग अक्षय्यतेचा नियम लावला, की मिळते :

चेंडूचा वेग = डोक्याचा वेग × ड (१ + उ) ÷ (ड + च)

(हे सूत्र स्वतः काढून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे.)

जुन्या लाकडी डोक्यासाठी उ = ०.७८ धरा. टिटॅनियमच्या पोकळ डोक्याचा पातळ दर्शनी पत्रा किंचित दबून परत उसळतो. त्यामुळे चेंडू कमी चेपतो आणि उष्णतेत जाणारी ऊर्जा वाचते. मात्र खेळाच्या नियमांनी उ सुमारे ०.८३ पर्यंतच बांधून टाकला आहे.

आता नवी काठी सेकंदाला ४० मीटर वेगाने फिरवणाऱ्या हौशी खेळाडूला द्या. चेंडूचा वेग येतो ५९.५ मीटर. जुनी काठी ५० मीटर वेगाने फिरवणाऱ्या कसलेल्या खेळाडूला द्या. वेग येतो ७२.४ मीटर! नव्या काठीने वेग जेमतेम तीन टक्के वाढतो, तर हाताने पंचवीस टक्के.

हे दहा मीटर येतात कोठून? केवळ दंडाच्या ताकदीतून नव्हे. हात हा एक लंबक, काठी हा त्याला मनगटाशी जोडलेला दुसरा. १९६८ साली कॉक्रन आणि स्टॉब्ज यांनी आपल्या पुस्तकात फटक्याचे असेच विश्लेषण केले. नवशिका मनगट घाईने वरच उघडतो. जाणकार ते दुमडलेलेच खाली आणतो; मग काठी बाहेर झेपावते, हात मंदावतात आणि त्यांची ऊर्जा हलक्या डोक्यात जाते. टक्कर अर्ध्या मिलिसेकंदात संपते. तेवढ्यात डोक्याची दिशा एक अंशाने चुकली आणि चेंडू तितकाच तिरपा सरळ गेला, तरी २०० मीटरवर तो साडेतीन मीटर बाजूला पडेल. काठीची किंमत येथे उपयोगी नाही.

पण साधनांना अगदीच मोडीत काढू नका. चेंडूवरचे खळगे बुजवले, तर तोच फटका जवळजवळ निम्म्या अंतरावर संपतो. खळग्यांमुळे हवेचा थर चेंडूला अधिक मागेपर्यंत चिकटून राहतो आणि रोध घटतो. उलट्या फिरकीमुळे चेंडू वरही उचलला जातो. मात्र असा चेंडू दोघांनाही मिळतो.

६ फेब्रुवारी १९७१ रोजी अपोलो-१४ च्या ॲलन शेपर्डने चंद्रावर चेंडू मारले. तेथे हवा नाही, गुरुत्व पृथ्वीच्या एकषष्ठांश. काठीचे डोकेही खरे, गोल्फचेच. पण ताठ अंतराळपोशाखामुळे फटका एका हाताने मारावा लागला. २०२१ साली जुनी छायाचित्रे तपासून दुसऱ्या चेंडूचे अंतर काढले गेले : सुमारे ३७ मीटर. चंद्रावरचे त्वरण १.६२ आणि कोन ४५ अंश धरून चेंडूचा वेग काढा, आणि वरच्या हौशी खेळाडूच्या ५९.५ शी ताडून पाहा.