ड्रोनची मोटर आधी घ्यावी की पाती?

प्रश्न : माझी केळीची बाग आहे. ती वरून बघता यावी म्हणून चार मोटरींचा ड्रोन घरीच जोडायचा विचार आहे. मोटर १००० केव्हीची घ्यावी की २२०० ची? जास्त केव्ही म्हणजे जास्त ताकद ना? आणि दोन बॅटऱ्या लावल्या तर दुप्पट वेळ उडेल का? पुढेमागे त्यानेच फवारणीही करता येईल का?
— एक वाचक, करमाळा

उत्तर : थोडक्यात, तुम्हाला सर्वांत दणकट मोटर आणि सर्वांत मोठी बॅटरी एकत्र आणायची आहे. नेमका तिथेच बहुतेकांचा ड्रोन जमिनीवर राहतो.

आधी केव्हीचा घोळ मिटवू. महावितरणच्या ३३ केव्ही उपकेंद्राची पाटी रोज बघून केव्ही म्हणजे हजारो व्होल्ट, हे आपल्या डोक्यात बसलेले असते. मोटरवरचा केव्ही वेगळा. भार नसताना एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेईल, एवढेच तो सांगतो. ११.१ व्होल्टच्या बॅटरीवर १००० केव्हीची मोटर सुमारे ११ हजार फेरे घेते, २२०० ची २४ हजारांच्या पुढे जाते. हा वेगाचा आकडा झाला, ताकदीचा नाही. वेगवान मोटर लहान पात्यांसाठी असते. तिला दहा इंची पाती लावलीत, तर ती ओढता ओढता मोटर भरमसाट करंट घेते आणि मोटर तरी जळते, नाहीतर तिचा वेग सांभाळणारा ईएससी.

विहिरीवर मोटर बसवताना आपण आधी खोली आणि पाइप बघतो, एचपी नंतर ठरवतो. इथेही तसेच. आधी वजन, मग पाती, मग त्या पात्यांना झेपेल अशी मोटर, मग ईएससी आणि शेवटी बॅटरी. मोठी पाती सावकाश फिरून जास्त हवा खाली ढकलतात, म्हणून तेवढ्याच उचलीला वीज कमी लागते. बाग बघायला शर्यतीचा वेग नको, हवेत स्थिर राहणे हवे. तेव्हा मोठी पाती आणि १००० च्या आसपासचा केव्ही हेच तुमच्या कामाचे.

पात्यांची मर्यादा सांगाड्यावर ठरते. ४५० चा सांगाडा म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन मोटरींमधले, म्हणजे तिरके, अंतर ४५० मिलिमीटर. शेजारच्या दोन मोटरींत मात्र ३१८ मिलिमीटरच राहतात. दहा इंची पाते २५४ चे, म्हणजे मध्ये सहा सेंटिमीटरची मोकळीक. बारा इंची लावले तर जेमतेम सव्वा सेंटिमीटर उरतो, आणि सांगाडा जरा थरथरला की पात्याला पाते भिडते.

आता वजन. असा सांगाडा, चार मोटरी, ईएससी, पाती, कंट्रोलर आणि वायरी मिळून पाऊण किलोच्या आसपास जातात. ५२०० एमएएचची तीन सेलची बॅटरी पावणेचारशे ग्रॅमच्या पुढची, म्हणजे सगळे मिळून साधारण ११५० ग्रॅम. पूर्ण वेगातली एकूण उचल वजनाच्या निदान दुप्पट असावी, नाहीतर वाऱ्याच्या झोतात ड्रोन सावरत नाही. २२१२ मापाच्या मोटरी दहा इंची पात्यांसह प्रत्येकी आठशे ग्रॅमच्या आसपास उचलतात. चार मोटरींचे ३२०० ग्रॅम, कागदावर तरी भरपूर.

पण करमाळा समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो. त्या दुपारची हवा समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण १४ टक्के विरळ असते आणि उचलही तेवढीच घटते. ३२०० चे २७५० झाले. एका बॅटरीवर हे अजून दुपटीच्या वर आहे. दुसरी लावलीत की वजन १५३० वर जाते आणि गणित दुपटीखाली येते.

वेळेचे म्हणाल, तर दुप्पट काही होत नाही. वजन एक तृतीयांश वाढले की तरंगत राहायला दीडपट वीज लागते, त्यामुळे दुप्पट बॅटरीतून जास्तीत जास्त तीसेक टक्के वेळ हाती लागतो. एका बॅटरीवर बारा-पंधरा मिनिटे मिळाली तर समाधान माना. दुसरी खिशात ठेवा आणि उतरवून बदला. ती तापत्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नका.

जोडणीतल्या दोन गोष्टी. दोन मोटरी उजवीकडे, दोन डावीकडे फिरल्या तरच ड्रोन स्वतःभोवती गरगरत नाही. एखादी उलटी फिरली तर तिच्या तीन वायरींपैकी कोणत्याही दोन अदलाबदल करा, झाले. दुसरे, जीपीएस आणि होकायंत्र दांडीवर उंच बसवा. बॅटरीच्या वायरींतल्या करंटचे चुंबकत्व होकायंत्राला चकवते आणि ड्रोन भलतीकडे जातो.

परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी घातली, पण सुटे भाग येतात. ते ऑनलाइन मिळतात, पुण्याच्या तपकीर गल्लीत विचारून बघायलाही हरकत नाही. ‘थ्री इडियट्स’मधला तो ड्रोन आयआयटी मुंबईच्या मुलांनी काढलेल्या आयडियाफोर्ज कंपनीचा होता. तेव्हा हे परदेशातच जमते, असे समजायचे कारण नाही.

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार तुमचा ड्रोन अडीचशे ग्रॅम ते दोन किलो, म्हणजे ‘मायक्रो’ वर्गात येतो. हौसेखातर, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेलला प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही. नोंदणी आणि ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावरचा हिरवा पट्टा मात्र आधी तपासा. उजनी धरणाच्या पाणलोटावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरलेले असताना तिकडे फिरकू नका. थवा बिथरतो.

फवारणी विसरा. दहा लिटर औषध म्हणजे दहा किलो. ते यंत्रच वेगळे, पाती वेगळी, परवानाही वेगळा. तूर्त सुट्या पात्यांच्या दोन जोड्या जास्तीच्या मागवा. पहिल्या आठवड्यात त्याच सर्वांत आधी लागतील.